कुलूपवाला गौडा

आमच्या गावाला टीव्ही मिळाला नव्हता. मिळाला तो ओढ्यापलीकडच्या गावाला, कारण ओढा ओलांडला की कर्नाटक लागतं आणि त्या वर्षी सरकारनं टीव्ही द्यायला जी गावं निवडली त्यांत ते गाव बसलं. वर्षभरानं तो परतही नेला, पण ते वर्षभर आमचं निम्मं गाव दोन मैल चालून पलीकडं जायचं. शाळेच्या छपरावर कोंबड्यांच्या जाळीची भलीमोठी छत्री उताणी ठेवलेली, आत लाकडी पेटीत टीव्ही, आणि पेटीची किल्ली मास्तरांकडे. पुढं त्या गावची माणसं बसायची, मागं आम्ही सोलापूर जिल्ह्यातले पाहुणे. कार्यक्रम कानडीत. आमच्याकडे घरात कानडी आणि बाजारात मराठी असं पूर्वीपासून चालतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

शनिवारी संध्याकाळी नाटक असायचं, दर आठवड्याला थोडं थोडं. मी तेव्हा सोलापूरला कॉलेजात होते आणि बहुतेक शनिवारी गावी यायची. त्यात एक गौडा होता, म्हणजे तिकडचा पाटील. जाड मिशा, कपाळाला भस्माचे पट्टे, डोक्याला रुमाल. दुष्काळात गावात एकट्या त्याच्या विहिरीला पाणी, आणि हा गडी विहिरीला कुलूप लावून बसलेला. एक बाई पाणी मिळालं नाही म्हणून लांब नदीकडे निघते आणि वाटेत उन्हानं मरते. तो पडद्यावर आला की अख्खी शाळा त्याला शिव्या घालायची. शिव्या संपेपर्यंत नाटक संपायचं आणि एक डॉक्टर येऊन खरूज कशी होते ते समजावून सांगायचे.

पहिल्याच शनिवारी मागून कुणीतरी म्हणालं, "आपला बी गौडा आलाय की." दाराशी माझे वडील, अप्पा, बसले होते. त्या दिवसापासून गावानं त्यांना तेच नाव ठेवलं. अप्पांनी ते ऐकलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिथंच येऊन बसले.

हे नाव का पडलं ते सांगायला तीन वर्षं मागं जायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या आणि आमच्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं. अप्पांनी विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, त्याला दार बसवलं आणि दाराला कुलूप लावलं. ते पाणी विकायला किंवा साठवायला नव्हे. दर घरामागं दोन घागरी, सकाळी उन्हं तापेपर्यंत. वहीत खूण करायची आणि दुपारी बंद. भावकीला दोन, वेशीबाहेरच्यांना दोन आणि आम्हालाही दोनच. वेशीबाहेरच्यांना आपल्याइतकं पाणी कसं, म्हणून भावकीनं अप्पांशी बोलणं टाकलं. घरात जास्तीचा तांब्या मिळेना म्हणून अव्वा, माझी आई, तीही त्यांच्याशी धड बोलत नव्हती. अप्पांचं म्हणणं एकच, की पाऊस येईपर्यंत सगळ्यांना पुरलं पाहिजे. ते पुरलंही.

मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि परीक्षा तोंडावर होती. दुपारी विहिरीपाशी जरा गार लागायचं, म्हणून मी पुस्तक घेऊन बाभळीखाली बसायची आणि किल्ली माझ्या परकराच्या नाडीला असायची. अप्पा घरी झोपलेले. अशा एका दुपारी वरच्या आळीतली एक सून घागर घेऊन आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. सकाळची एक घागर तिच्या हातून उंबऱ्यातच सांडली होती आणि सासू तिला फार टाकून बोलली होती. एकच घागर दे, म्हणाली. मी वही उघडून बघितलं. त्यांच्या घरापुढं दोन खुणा झालेल्या होत्या.

मला तिचा राग नव्हता. कंटाळाही आला नव्हता. मला नियम पाळायचा होता आणि तो पाळताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, एवढंच. मी नाही म्हटलं. गयावया करणाऱ्यांतली ती नव्हती. घागर उचलून तिनं विचारलं, "खाणीत असंल का गं थोडं?"

खाण म्हणजे गावाबाहेरची खडीची जुनी खाण. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "असंल की."

संध्याकाळी ती खाणीतल्या गढूळ पाण्यात सापडली. घागर मात्र वर काठावर होती, कोरडी, तिच्यावर चुंबळ ठेवलेली. गावाला तेवढं पुरलं. पाय घसरून पडणाऱ्या बाईची घागर तिच्याबरोबर खाली जाते; काठावर घागर ठेवून जाते ती जीव द्यायलाच, असं सगळे बोलायला लागले. मला वाटतं, उतरायची वाट बघायला ती आधी रिकामी खाली गेली असेल. पण मला काय वाटतं ते तेव्हा कुणी विचारलं नाही. तिची सासू छाती बडवून सांगत होती की सकाळी मी बोलले म्हणून ती गेली, मीच तिला घालवलं. मी गर्दीतून अप्पांपाशी गेले आणि त्यांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटली.

"तू आज घरात हुतीस," ते म्हणाले. "डोकं दुखत हुतं तुजं."

मग त्यांनी लोकांना सांगितलं, की विहिरीला कुलूप होतं, किल्ली त्यांच्या उशाशी होती, दुपारी तिथं कुणी नव्हतं. गावानं दोष वाटून टाकला, निम्मा कुलपाला आणि निम्मा सासूच्या तोंडाला. माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. मी परीक्षा दिली, पास झाले आणि सोलापूरला शिकायला गेले.

सोलापुरात मी एका विणकराच्या घराच्या मागच्या खोलीत राहायची. पहाटेपासून मागाची खटखट. घरमालकीण तेलुगूत विचारायची आणि मी मराठीत उत्तर द्यायची. अंगणातल्या नळाला बायकांची रांग लागे. एखादी मला सहज विचारायची, नळाला पाणी आलं का, आणि मी उत्तर न देता आत निघून जायची. पोरगी शिष्ट आहे असं त्यांचं मत झालं होतं. मी ते तसंच राहू दिलं, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं.

बी.ए.ला आमच्या सरांनी शोकनायक शिकवला, आणि तो तास मी जन्मात विसरणार नाही. नायक पूर्ण दुष्ट नसतो, पूर्ण सज्जनही नसतो. त्याच्या हातून एक चूक घडते आणि बहुतेक वेळा ती त्याच्या चांगल्या गुणातूनच घडते. मग तो कोसळतो, आणि चूक उमगली की त्या कोसळण्यातही मोठा होतो. मी वहीत भराभर लिहून घेत होते. हे तर आमचे अप्पाच. नियमाला पक्के, न्यायाचे, आणि त्या न्यायानंच बुडालेले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मला ठाऊक होती. पण इथं शास्त्रच माझ्या बाजूनं बोलत होतं.

सरांनी आपल्या पसंतीच्या शोकनायकावर निबंध लिहायला सांगितला. बाकीच्यांनी नाटकांतले राजे घेतले. मी टीव्हीवरचा गौडा घेतला. त्याच्या मिशा आणि भस्म ही नाटकवाल्यांनी आम्हाला फसवायला लावलेली सोंगं आहेत, खरा माणूस कुलपाच्या आत आहे, असं मी ठणकावून लिहिलं. पाणी उन्हाळाभर पुरावं म्हणून त्यानं कुलूप लावलं. गावानं मात्र त्याला राक्षस केलं. नऊ पानं झाली. सरांनी टीव्ही कधी पाहिलेला नव्हता, सोलापुरात कुणीच पाहिलेला नव्हता, पण त्यांनी निबंध वर्गात वाचून दाखवला. मला शिंगं फुटली. शनिवारी दुपारच्या एस.टी.नं अक्कलकोट गाठलं, तिथून गावची गाडी धरली. वही पिशवीत होती. ती वाचली की अप्पांच्या मनावरचं ओझं उतरेल अशी माझी खात्री होती. माझंही उतरेल, हे मी स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते.

त्या संध्याकाळी नाटकात गौड्यानं स्वतःच्या हातानं कुलूप फोडलं. दार उघडून तो पोहरा घेऊन उभा राहिला, आणि पाण्याला कुणीच आलं नाही. बराच वेळ नुसतं ते रिकामं दार दाखवत होते. शाळेत टाळ्या पडल्या. सगळ्यांत पुढं, नीट दिसत नाही म्हणून यजमानांनी जागा करून दिलेली ती म्हातारी, मेलेल्या सुनेची सासू, बसली होती. तिनं त्या गौड्याला अशा शिव्या घातल्या की मास्तरांनी पोरांना बाहेर जायला सांगितलं. दाराशी नेहमीच्या जागी अप्पा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात दोर वळत असताना मी निबंध वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, मध्ये दोर सोडला नाही.

"किती पानं?" त्यांनी विचारलं.

नऊ, मी म्हटलं.

"त्यातली तिची किती? मेली ती बाई."

मी पानं उलटली. एका वाक्यात तिचा उल्लेख होता: एका स्त्रीच्या मृत्यूला तो नकळत कारण ठरतो. ते वाक्य मी पुन्हा वाचलं नाही, पण त्यांना कळलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी चिडून म्हणाले, की मग तुम्ही दर शनिवारी दोन मैल चालत कशाला जाता, लोकांच्या शिव्या खायला?

"मी टीव्ही बगाय जात न्हाय," अप्पा म्हणाले. "मी तिच्या सासूची पाठ बगाय जातो. म्हातारी त्या गौड्याला शिव्या देती ना, त्या समद्या सोताला देती. सून आपल्यामुळं जीव द्याय गेली असं तिला वाटतंय. ती पानी आनाय गेल्ती, ह्ये गावात दोगांनाच ठाव हाय. कुलूप ही काय माजी चूक न्हाय, पोरी. ती मी पुन्ना करीन. गप बसलो ही चूक. तुला वाचवाय बसलो, आन आता उटाय येत न्हाय."

तीन वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी माझं पाप मोजलं होतं, अप्पांचं मोठेपण मोजलं होतं, आणि त्या म्हातारीला नाटकातल्या गर्दीत बसवून मोकळी झाले होते.

मी वही तिथंच ठेवली आणि वरच्या आळीला गेले. म्हातारी दारात तूर पाखडत होती. मी उंबऱ्याबाहेर बसले आणि सगळं सांगितलं. किल्ली, वही, दोन खुणा, काहीच गाळलं नाही. तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा.

"घागर मागाय आल्ती?"

"व्हय. एकच दे म्हनली."

"आन खाणीत पानी असंल का, असं तिनं इचारलं? सोताच्या तोंडानं?"

"व्हय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "म्हंजी मराय न्हाय गेली," ती म्हणाली, मला नव्हे, कुणालाच नव्हे. ती आता माझ्या झिंज्या धरेल म्हणून मी बसून राहिले होते. दार का उघडलं नाहीस, एवढंसुद्धा तिनं विचारलं नाही. तिनं दुसरंच विचारलं.

"तुज्या अप्पाला ठाव हुतं?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. त्यांनी माझ्यासाठी तीन वर्षं खोटं रेटलं होतं, मला एकच शब्द बोलायचा होता. पण म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी व्हय म्हणाले.

ती काठी घेऊन उठली. आमच्या घरापर्यंत ती पुढं आणि मी मागं. तिला अंगणात बघून अप्पा उभे राहिले, अव्वा दारात आली. दर शनिवारी पेटीतल्या गौड्याच्या सात पिढ्या उद्धरणारी ती बाई आता खऱ्या माणसासमोर उभी होती.

"तीन वरसं मी त्या पोरीला माज्या तोंडानं मारलं म्हनून जगले," ती म्हणाली. "तुमी मला सांगाय पायजे हुतं."

"व्हय," अप्पा म्हणाले.

ते पुढं काही बोलतील असं तिला वाटत असावं. अप्पा ओट्यावर बसले आणि ती आली तशी गेली. चूक उमगली की नायक मोठा होतो असं मी नऊ पानांत लिहिलं होतं. ओट्यावर बसलेले अप्पा मोठे वगैरे काही दिसले नाहीत. थकलेले दिसले, आणि मला त्यांच्याजवळ जायचं धाडस झालं नाही.

म्हातारीनं ते गावभर सांगितलं, दळणाला, देवळात, एस.टी.च्या थांब्यावर. माजी सून पानी आनाय गेल्ती. पुढं माझं नाव यायचं, मग अप्पांचं, जसं घडलं तसं, कमी नाही की जास्त नाही. रागाचा एक शब्द त्यात नसायचा. ती जाऊनही आता खूप वर्षं झाली. पण अजून कधी कधी वाटतं, त्या दिवशी आमच्या अंगणात उभं राहून तिनं आम्हा दोघांना एकदा तरी तोंडभर शिव्या घालायला हव्या होत्या. आम्ही खाली मान घालून सगळ्या ऐकल्या असत्या.