नळीला शिवलेली गोधडी

मार्गशीर्षातली सकाळ रिह्याच्या खोऱ्यात फार सावकाश उतरते. कापणी झालेल्या खाचरांतून दवाने भिजलेल्या पेंढ्याचा गोडसर वास येत असतो, कुणाच्या तरी परसात आंघोळीच्या पाण्याखाली जाळ लागलेला असतो, आणि डोंगराच्या कुशीतलं धुकं ऊन चांगलं वर येईपर्यंत उठायचं नाव घेत नाही. याला आम्ही थंडी म्हणतो. "काय गारठा पडलाय बाई!" असं एकमेकींना सांगत स्वेटर चढवतो आणि दुपार व्हायच्या आत तोच काढून दोरीवर टाकतो. अशा गावात राहून माझा नवरा गाडीतलं पाणी गोठू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होता.

गाडी म्हणजे एक जुना टेंपो ट्रॅव्हलर. निवृत्त झाल्यावर ह्यांनी तो घेतला, आतली बाकं उपटली, पलंग, ओटा, पाण्याची टाकी, इवलंसं बेसिन असं सगळं बसवून चाकांवरचं घर उभं केलं. तिथवर माझी काही तक्रार नव्हती. मग एका दुपारी जेवताना, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज म्हणाले, "जानेवारीत स्पितीला जातो. तुला तिथली थंडी झेपायची नाही, तू इथंच राहा." झालं! मला काय झेपतं आणि काय नाही, हे परस्पर ठरवून स्वारी ताक मागायला मोकळी.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. निवडायला घेतलेले तांदूळ तसेच सोडून मी अंगणात जाई, अंगणातून पुन्हा आत येई. फोनवर तिथलं तापमान बघे आणि तो उणे आकडा पाहून फोन उपडा ठेवी. उन्हं कलली की डोंगराची सावली खाचरांवरून सरकत आमच्या कुंपणापर्यंत येते. एरवी ती मला सोबतीसारखी वाटते, पण त्या दिवसांत तिच्याकडे बघवत नसे. भांडावं तर कशावरून, हेच कळेना. आणि रागापेक्षा घोर मोठा होता. तिथे एकट्या माणसाचं पाणी दगड झालं, नळ्या फुटल्या, तर हा माणूस हाक कुणाला मारणार?

म्हणून मी नळ्यांना गोधडी शिवायला बसले. ह्यांचे ऑफिसातले जुने स्वेटर कापले, वर माझ्या विरलेल्या सुती साड्यांचे थर दिले, बारीक धावदोरा घातला आणि नळीवर चढतील अशा लांबट पिशव्या केल्या. हे बघून ह्यांना कौतुक वाटलं खरं, पण प्रश्न पडला की पारख करायची कशी. आमच्याकडे पाणी गोठतं ते फक्त बाजाराच्या गावी, पौडला, बबनरावांच्या डेअरीतल्या डीप फ्रीझरमध्ये.

तर पाणी भरून दोन्ही टोकं बंद केलेली, माझी गोधडी पांघरलेली हातभर नळी घेऊन आम्ही तिथे गेलो. "काकू, हितं आमी आईस्क्रीम ठिवतो, तुमी नळी निजवायला आणली व्हय?" असं म्हणून बबनराव पोट धरून हसले, पण कुल्फीचे डबे सरकवून त्यांनी जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा ते हसत नव्हते. नळी लाकडासारखी कडक झाली होती आणि तिला उभी चीर गेली होती.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता जा म्हणावं स्पितीला! पण शेजारी पाहिलं तर हे त्या चिरेवरून अंगठा फिरवत उभे होते, आणि त्यांचा चेहरा इतका उतरला होता की माझा आनंद जागच्या जागी विरला. गोधडी ऊब देते अशी माझी जन्मभराची समजूत. ती कुठे काय देते? आतली ऊब धरून ठेवते, इतकंच. आत नुसतं पाणी असेल तर ती बिचारी काय धरणार?

गाडीत बसल्यावर ह्यांनी ती ओली गोधडी डॅशबोर्डवर उन्हात पसरली, आणि माझे टाके एकेक करून बोटांनी सरळ करत बसले. मग म्हणाले, "नळ्यांत पाणी ठेवायचंच नाही. दिवस मावळायच्या आत टाकी, पंप, नळ, सगळं रिकामं करायचं. रिकाम्या नळीचं थंडी काय वाकडं करणार? प्यायचं पाणी कॅनमध्ये, पलंगाशी, अंगाच्या उबेला." समोरच प्लास्टिकच्या सामानाचं दुकान होतं. तिकडे लगबगीने गेले, आणि लगेच परत येऊन माझ्या खिडकीशी उभे राहिले.

"कॅन एक घेऊ," नजर रस्त्याकडे ठेवून त्यांनी विचारलं, "की दोन?"

मला तेव्हा उमगलं की मला त्या थंडीचा राग नव्हताच. या एका प्रश्नासाठी मी इतके दिवस आतल्या आत धुमसत होते. आणि आता तो प्रश्न खिडकीशी येऊन उभा राहिला, तर हो म्हणायचा धीर होईना. माझे दुखरे गुडघे, तो उणे आकडा, बर्फातला तो निर्मनुष्य रस्ता. सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. थंडी मला झेपायची नाही, हे कदाचित खरंही असेल.

"दोन घ्या," मी म्हणाले. "एक रिकामा राहिला तर राहू दे."

ते वळले. दुकानाच्या पायरीवर चढताना त्यांची चाल जरा घाईची झाली होती, आणि मी आपली बसल्या जागी, दोन जोड मोजे एकावर एक चढवले तर माझ्या बुटात पाय जाईल का, याचा विचार करत होते.