पुलावर अडखळणारी गाडी

पंचनदरावांबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. इथे चेन्नईत आमच्या मराठी मंडळाचा अंक निघतो, त्यासाठी दरवर्षी एखादं व्यक्तिचित्र मागितलं जातं, आणि दरवर्षी मी दुसऱ्याच कुणावर तरी लिहून देतो. एकदा तर आमच्या इमारतीच्या वॉचमनवर लिहिलं. तो बिचारा खूश झाला, त्यानं मिठाई आणून दिली. ती खाताना मला पंचनदरावच आठवत होते. आता माझंही वय झालं आहे. ज्या गोष्टीचा साक्षीदार मी एकटाच आहे, ती माझ्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी लिहितो आहे.

त्यांची एक लकब आधी सांगतो. संगणक सुरू केला की ते त्याच्या डब्याच्या अंगाला तळहात टेकवायचे आणि डोळे मिटायचे. खोलीत पंख्याची बारीक घरघर आणि खिडकीतून येणारा संध्याकाळचा खारा वारा. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणायचे, "गरम आहे, पण रागावला नाही." किंवा एखाद्या दिवशी, तमिळमध्ये 'ठीक' म्हणतात तसं, "सरि, आज देत नाही म्हणतो. निजूं दे त्याला." मग खरंच तो बंद करून आम्ही दोघं गच्चीत जाऊन बसायचो.

आमची ओळख पेरुंगुडी भागातल्या आमच्या इमारतीत, लिफ्टमध्ये झाली. मी नाशिकच्या बहिणीशी फोनवर बोलत होतो. शेजारी एक उंच, कृश म्हातारे गृहस्थ छातीशी पुठ्ठ्याचा खोका धरून उभे होते. माझा फोन संपेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "तुम्ही तिकडचे मराठी. आम्ही इथले. आमचे पूर्वज तुमच्या आधी निघाले, एवढेंच." तंजावरकडची जुनी मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिला तमिळचा हेल होता आणि ती मधूनच बखरीतल्यासारखी वाटायची. खोक्यात काय आहे, मी विचारलं. "मदरबोर्ड," ते म्हणाले. "म्हातारपणीं लग्न केलें म्हणून समजा."

उभी नोकरी त्यांनी रेल्वेत काढली, रूळ सांभाळणाऱ्या खात्यात. काम काय, तर कुठे रूळ खचला, कुठे पूल जुना झाला, की तिथे वेगमर्यादेचा बोर्ड लावायचा. "जन्मभर सगळ्यांस हळू जा म्हणून सांगितलें, पाटणकर सार," ते मला म्हणायचे. "आतां कुणास तरी थोडें जोरांत जा म्हणून सांगावेंसे वाटतें." निवृत्तीनंतर त्यांना नाद लागला तो प्रोसेसर पळवण्याचा. प्रोसेसर म्हणजे संगणकाचं काळीज. त्याचा वेग कंपनीनं ठरवून दिलेला असतो. तो थोडा वाढवायचा, तर संगणक सुरू होत असतानाच एक कळ दाबून त्याच्या अगदी आतल्या सेटिंग्जमध्ये शिरावं लागतं. पंचनदरावांच्या मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये त्यासाठी एक वेगळं पान होतं. काळसर पार्श्वभूमी, डावीकडे पिवळे आकडे. ते एकेक आकडा एकेका घरानं वाढवायचे आणि थांबायचे. "ओढायचें नाही, सार. विचारायचें. देतोस का बा, म्हणून. सगळ्यांत थोडें शिल्लक असतें. वेग लिहून देणारा कमी लिहितो."

हे सगळं कशासाठी, तर एका आगगाडीसाठी. त्यांनी संगणकावर रेल्वे चालवायचा एक खेळ घेतला होता. त्यात स्वतःच्या हातानं, महिनोन् महिने खपून, त्यांनी लहानपणीचा मीटरगेजचा रस्ता रचला होता. तो रस्ता आता जमिनीवर नाही, रूळ कधीच उखडले गेले. पण पडद्यावर तंजावरकडची भातशेतं होती, बगळे होते, फाटकाशी सायकल धरून उभा असलेला एक माणूस होता (तो त्यांचा थोरला भाऊ), आणि मग कावेरीवरचा लांब पूल. पुलाखालचं पाणी, त्यातलं गाडीचं हलतं प्रतिबिंब, हे सगळं एकदम काढताना संगणकाची दमछाक व्हायची. कंपनीनं दिलेल्या वेगात गाडी पुलावर चढली की अडखळायची, जागच्या जागी थरथरायची. वेग वाढवला की पाण्यावरून तरंगत गेल्यासारखी पलीकडे जायची.

संध्याकाळी दिवे न लावता आम्ही दोघं त्या गाडीत बसायचो. ते चालवायचे, मी शेजारच्या खुर्चीत प्रवासी. खिडकीबाहेर पेरुंगुडीच्या काचेच्या इमारती हळूहळू उजळायच्या आणि त्यांची प्रतिबिंबं पडद्यावरच्या भातात पडायची. कधी कधी मला समजेनासं व्हायचं, की आपण चेन्नईत बसून तंजावर बघतो आहोत, की तंजावरच्या गाडीतून हे उजळलेलं शहर. पूल आला की ते नेहमी एकच वाक्य म्हणायचे, "श्वास धरा, सार." पूल संपला की आम्ही दोघं श्वास सोडायचो आणि हसायचो. पंचाहत्तरीला आलेली दोन माणसं!

त्या थोरल्या भावाबद्दल त्यांनी एकदा सांगितलं होतं. शेवटच्या वर्षांत भावाचं डोकं भरकटलं. घरातल्या एका भिंतीकडे बोट दाखवून तो म्हणायचा, इथे दार आहे, दार उघडा. दार कधीच नव्हतं. घरच्यांनी मन राखायला "आहे, आहे, उद्यां उघडूं" म्हणायला सुरुवात केली. "मज दुसऱ्या कशाची भीति नाही," पंचनदराव म्हणाले. "मज तें दार दिसूं नये, एवढेंच."

भावाच्या वर्षश्राद्धाला ते तंजावरला गेले. जाताना मला घराची किल्ली दिली. "तुळशीला पाणी घाला. संगणकाला घालूं नका," म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी बँकेत संगणक विभागात होतो. परवानगीशिवाय कुणी यंत्राला हात लावला, तर त्याला फैलावर घेणारा साहेब अशी माझी ख्याती होती. दुसरी एक सवय अशी, की जुनं सॉफ्टवेअर दिसलं की माझा हात शिवशिवायचा. पंचनदरावांचा संगणक सुरू होताना कधी कधी मध्येच अडायचा. मला वाटलं, बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, ज्याला फर्मवेअर म्हणतात, ते नवं घालून ठेवावं. आल्यावर बघतील आणि म्हणतील, वा सार! खरं सांगायचं तर त्या घरात मी सदैव प्रवाशाच्या खुर्चीत असायचो. एकदा इंजिनात बसावंसं वाटलं. कंपनीच्या साइटवरून नवं फर्मवेअर उतरवलं, पेनड्राइव्हवरून घातलं. संगणक झटक्यात सुरू झाला. मी तुळशीला पाणी घालून घरी आलो.

ते परतले त्याच संध्याकाळी माझ्या दारावर थाप पडली. "अय्यो सार, काय जालें पाहा. पान नाही."

मी गेलो. सेटिंग्ज उघडल्या. भाषा, घड्याळ, पंख्याचा वेग, सगळं जागेवर होतं. ते पान तेवढं नव्हतं. नुसते आकडे करडे झाले असते तरी एक वेळ चाललं असतं. तिथे असं काही कधी होतं याची खूणच नव्हती.

"तुम्ही हात लावला काय?" त्यांनी सहज विचारलं. संशयानं नव्हे.

"नाही," मी म्हणालो.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं. तो प्रोसेसर मुळात कुलूप घातलेलाच होता. त्या बोर्डाच्या एका जुन्या फर्मवेअरमध्ये काही काळ ती वाट उघडी राहिली होती. नव्यात कंपनीनं ती बुजवली होती. आणि नवं एकदा घातलं की जुनं परत घालू द्यायला तो बोर्ड तयार नव्हता. म्हणजे ते पान मी पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते बोर्डाचा सेल काढून पुसत होते. तिसऱ्या दिवशी मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. सेटिंग्जचा साधा देखावा, सविस्तर देखावा, दोन्ही दहादा उघडून पाहिले. फर्मवेअरच्या आवृत्तीचा आकडा त्यांनी आधी कधी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे तो बदलल्याचं त्यांना कळायची सोय नव्हती. ज्या दुकानातून बोर्ड घेतला ते उठून गेलं होतं. दुसऱ्या दुकानात विचारलं, तर दुकानवाले म्हणाले, "सार, या प्रोसेसरला ती सोयच येत नाही. तुम्ही दुसऱ्या कुठल्या मशीनवर पाहिलं असेल." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या माहितीप्रमाणे ते बरोबरच होतं.

त्यानंतरही पंचनदराव रोज गाडी सोडायचे. पुलावर गाडी थरथरायची आणि ते तिच्याकडे बघत राहायचे. त्यांची मुलगी रुक्कु चेन्नईबाहेर ओरगडमला राहते. जावई तिथल्या मोटारींच्या कारखान्यात आहे. ती आली तेव्हा मला जिन्यात गाठून म्हणाली, "अंकल, अप्पा सारखं तेच बोलतात. एक पान होतं म्हणतात. मोठ्या काकाचं असंच सुरू झालं होतं. मला भीती वाटते." तिचे डोळे भरले होते. तेव्हाही मी बोललो नाही. तिच्यासमोर तर मुळीच नाही.

आणि मग ती संध्याकाळ. दिवे लावलेले नव्हते. त्यांनी डब्यावरचा हात काढला आणि माझ्याकडे वळले.

"पाटणकर सार, तुम्ही शेजारीं बसत होतां. तुम्ही सांगा. तें पान होतें नव्हें? पिवळे आकडे?"

आजही मला वाटतं, त्या क्षणी खोलीत माझ्याखेरीज दुसरंच कुणी बोललं. पण आवाज माझाच होता.

"मला नाही आठवत, पंचनदराव."

"आणि गाडी? पुलावरून सरळ जात होती?"

"थोडी अडखळायचीच ती. आधीपासून."

ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरि." एवढंच. उठले आणि त्यांनी दिवा लावला. त्या घरात संध्याकाळी दिवा लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढे काही महिन्यांत त्यांनी पेरुंगुडीचं घर सोडलं. आजार म्हणावा असा कोणताच नव्हता, डॉक्टरही तेच म्हणाले. पण दाराला कुलूप लावलं का, हे ते शेजाऱ्यांना विचारू लागले. जेवलो का, हे स्वयंपाकाच्या बाईंना विचारू लागले. सगळं ठीक केलेलं असायचं. फक्त आपण केलं यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. रुक्कु त्यांना ओरगडमला घेऊन गेली. जन्मभर दुसऱ्यांना लावले तसा वेगमर्यादेचा एक बोर्ड त्यांनी स्वतःपुढे रोवला होता. तो मी त्यांच्या हातात दिला होता.

मी एकदा गेलो तिकडे. सांगायचंच, म्हणून गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. ते ओसरीत खुर्चीवर बसले होते. समोरच्या रस्त्यानं नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन लांबलचक ट्रक जात होते, उन्हात लखलखत, आवाज न करता, स्वप्नात जातात तसे. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. रुक्कु कॉफी आणायला आत गेली. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात हातात घेतला.

"सार, एक सांगायचें राहिलें होतें. भावाला आम्ही सगळे आहे, आहे म्हणत राहिलों. दार आहे म्हणून. तें चुकलें. कुणी एकानें तरी नाही म्हणायला हवें होतें." ते थांबले. "मज तुम्ही नाही म्हणालां. मित्र असावा तर असा."

त्यांचा तळहात ऊबदार होता. ते डब्यावर ठेवायचे तसाच तो माझ्या हातावर होता, आणि मला वाटलं आत्ता ते डोळे मिटतील, आणि त्यांना सगळं कळेल. पण रुक्कु कॉफी घेऊन आली. मी कॉफी प्यालो. साखर बरोबर आहे का, तिनं विचारलं. बरोबर आहे, म्हणालो. परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली, हेही आठवतं. पुन्हा येईन म्हणालो होतो. त्या पावसाळ्यात ते गेले.

संगणक रुक्कुनं मला दिला. "अंकल, तुम्हीच ठेवा, अप्पांना आवडलं असतं." तो काही दिवस तसाच टेबलाखाली होता. मग एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं बोर्डावरच्या चिपला एक चिमटा लावला आणि जुनं फर्मवेअर सरळ तिच्यात लिहिलं. दोन कप चहा होईतो काम झालं. हे असं करता येतं, हे पंचनदराव असताना मी शोधलंच नव्हतं. शोधायचं, तर आधी कुणाला तरी सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी दिवा न लावता तो सुरू केला. सेटिंग्ज उघडल्या. काळसर पार्श्वभूमी, डावीकडे पिवळे आकडे. एकेक घर वाढवत गेलो, विचारत विचारत. मग गाडी सोडली. भातशेतं आली, बगळे आले, फाटकाशी सायकल धरलेला माणूस मागे गेला. पूल आला. मी श्वास धरला. गाडी कुठेही न अडखळता पाण्यावरून पलीकडे गेली, आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

ओरगडमच्या बसमध्ये जुळवलेली वाक्यं लांबलचक होती. त्यांत सबबी पुष्कळ होत्या. आता त्यांतलं थोडंच उरलं आहे, आणि ते त्यांच्या ओसरीत, ट्रक जात असताना, कॉफी यायच्या आधी म्हणून झालं असतं:

पंचनदराव, मला माफ करा. पान होतं. मी पाहिलं होतं.