रॉइसच्या तीन काड्या

डॉर्लीनची कादंबरी छापून आली तेव्हा वेंडेल क्रॉगस्टॅडला आनंद झाला होता. नवऱ्याला व्हायला हवा तेवढा. युकॉन नदीकाठच्या त्या शे-सव्वाशे वस्तीच्या गावात बायकोने पोस्ट सांभाळता सांभाळता तीन हिवाळे खपून प्रेमाची आणि खुनाची गोष्ट लिहावी, आणि मुखपृष्ठावर बर्फात उघड्या अंगाचा पुरुष उभा असावा, ही काही रोजची गोष्ट नव्हती. उणे चाळीसमध्ये शर्ट काढणाऱ्याला गावात एक शब्द होता. डॉर्लीनसमोर तो कुणी उच्चारला नाही.

वेंडेल अठ्ठावन्न वर्षांचा. त्यातली पस्तीस मार्टेन नावाच्या केसाळ प्राण्याच्या कातड्यासाठी सापळे लावण्यात गेली होती, आणि वाचनाची मजल कातड्यांच्या लिलावपत्रकापुढे गेली नव्हती. तरी जानेवारीत त्याने पुस्तक हातात घेतलं. नायिका विधवा होती. तिचा नवरा नदीचा बर्फ फुटून बुडालेला, तोही पहिलं पान सुरू होण्याआधीच. त्याला दाढी होती आणि तो बीन्स डब्यातूनच खायचा. वेंडेलने दाढीवरून हात फिरवला आणि पुढे वाचलं.

सत्त्याऐंशीव्या पानावर तो थांबला. नायक केड झोपडी सोडताना चुलीत बर्चची साल घालून फाटी रचतो, आणि शेजारच्या भिंतीतल्या ओंडक्याच्या फटीत तीन काड्या खोचतो, गूल बाहेर ठेवून.

चूल रचून जाणं तिथे सगळेच पाळत. झोपड्यांना कुलूप नसे. गारठलेला माणूस आत आला की त्याने काडी ओढायची, बस. पण काड्या पेटीतच असत. फटीत खोचायचा एकटा रॉइस टिबर्ट, कारण हिमदंशात दोन बोटं गेल्यापासून त्याला थंडीत पेटी उघडता येत नसे. रॉइसची झोपडी गावापासून बावीस मैलांवर. रॉइस वेंडेलहून सात वर्षांनी मोठा, एकटा, अजून पोट न सुटलेला, आणि दात सगळे स्वतःचे.

"हा केड कुठून सुचला गं?" वेंडेलने न्याहारीला विचारलं.

"डोक्यातून."

"आणि डोकं कुठं गेलं होतं?"

"पोस्टात. आठ ते चार. मध्ये जेवायची सुट्टी." डॉर्लीनने त्याच्या ताटलीत अजून एक पॅनकेक टाकला. "खा, आणि दाढीला सिरप लावू नकोस."

ज्याच्या मनात काही नाही असा माणूस इतकं सरळ उत्तर देत नाही, असं वेंडेलला वाटलं. वाकडं दिलं असतं तरी त्याला हेच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉइस सापळे बघायला गेलेला असणार हे धरून तो स्नोमोबाइलवरून बावीस मैल गेला. झोपडीत एक तवा, एक बाज, गेल्या वर्षीचं कॅलेंडर. केसाची पिन कुठे नव्हती, हेही त्याला संशयास्पद वाटलं. मग उशीजवळ पुस्तक सापडलं. पहिल्या पानावर डॉर्लीनचं वळणदार अक्षर: "रॉइसला, आभारासह."

कशाबद्दल आभार?

वेंडेलने फटीतल्या तिन्ही काड्या ओढल्या. रचलेली चूल पेटवली, आतली सगळी फाटी जाळली, रॉइसचा चहा करून प्यायला. आणि उठून निघून गेला. चुलीत राख ठेवून. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

आठ मैलांवर नदीच्या वळणाशी बर्फाला तडा जाऊन खालचं पाणी वर चढलेलं दिसलं. तो कडेने गेला. वरून ताजं हिम पडलं होतं, त्यामुळे वरच्या वळणांवर, रॉइसच्या वाटेत, असलंच पाणी असेल तर त्याला ते दिसणार नव्हतं. गाडीवरचा काटा उणे शेहेचाळीस दाखवत होता. वेंडेलने गाडी थांबवली. मग त्याने एक शिवी घातली, कुणाला ते त्यालाही ठरवता आलं नाही, आणि गाडी वळवली.

रॉइस आत होता. पायांची गुडघ्यापर्यंत बर्फाची नळकांडी झालेली, आणि काड्यांची पेटी दातात धरून तो ती मनगटांनी उघडू बघत होता. जमिनीवर काड्या सांडल्या होत्या. वेंडेलने बाहेरून फाटी आणून चूल पेटवली आणि चाकूने त्याचे बूट कापून काढले.

"बरं झालं आलास," रॉइस म्हणाला.

"चूल मीच रिकामी केली."

"का रे?"

"तिने आभार कसले मानलेत तुझे?"

रॉइसने पुस्तकाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "अरे, काड्यांचं लिहू का म्हणून तिने पोस्टाच्या खिडकीतून विचारलं होतं. मी म्हटलं, लिही. तिला ते कुणी सांगितलं होतं? तू! पाण्यात पडून इथे आला होतास तेव्हा, एकोणीस वर्षांपूर्वी. 'रॉइसच्या काड्यांनी जीव वाचवला' म्हणत आठवडाभर गावभर फिरत होतास."

आठवडाभर नव्हे. एकोणीस हिवाळे वेंडेल ती गोष्ट घरी सांगत आला होता, आणि दर वर्षी थंडी पाच अंशांनी वाढवत आणि रॉइसला थोडा उंच करत. केडला निम्मा त्यानेच वाढवला होता.

"वाचलंस का तू?" वेंडेलने विचारलं.

"शर्ट काढतो तिथपर्यंत. गाढव आहे." रॉइसने पायाची बोटं हलवून बघितली; एक हललं नाही. "हे बघ, वेंडेल. हे मी गावात कुणाला सांगणार नाही."

खरं दुखलं ते इथे. रिकामी चूल ठेवणाऱ्याच्या नातवंडांनासुद्धा त्या गावात त्याच नावाने ओळखत. आणि हा माणूस, पायाचं बोट गमावून, ते गिळून टाकायला निघाला होता. अगदी केडसारखा. वर शर्ट घालून.

त्याला ते करू द्यायचं नाही, एवढं वेंडेलने ठरवलं.

सोमवारी विमानाने टपाल आलं तेव्हा पोस्टात अकरा जण होते. त्या सगळ्यांसमोर खिडकीशी उभं राहून त्याने सगळं सांगितलं: चूल, चहा, पाणी, बूट. का ते मात्र नाही सांगितलं. डॉर्लीनचा शिक्का हवेत थांबला.

"पायाची बोटं?"

"करंगळी जाईल. डावी."

रांगेतली म्हातारी आयोना म्हणाली, "अरे देवा, तू?" आणि तोंड फिरवलं. तेवढं पुष्कळ होतं.

"वसंतापर्यंत पुरतील एवढी लाकडं तोडून दे त्याला," डॉर्लीन म्हणाली.

"देतो."

"मीही येते. रचून देईन."

"तू कशाला? बावीस मैल आहे."

"एकोणीस वर्षं ऐकतेय त्या झोपडीबद्दल. बघितलीय कुठे अजून?"

तिने शिक्का मारला. का ते त्याने सांगितलं नव्हतं, पण तिने विचारलंही नव्हतं.

"फार गारठा आहे," वेंडेल म्हणाला.

"कोट आहे मला."

त्याने खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे बघितलं. काटा नेमका सकाळपासून वर सरकत होता.