जिभेला भ्यालेला तैफूर

माझा चुलतभाऊ तैफूर याच्याइतका मूर्ख माणूस अबू हमदपासून अटबरापर्यंत नाईलच्या दोन्ही काठांना सापडणार नाही. खजुरावर अनवाणी चढावं तर त्यानंच. नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात बांधायची वेळ आली की सगळं गाव त्याचीच वाट बघायचं. पण वाळवंटात कुणाला तरी मुठीएवढं सोनं सापडलं आणि या शहाण्यानं आईच्या दहांतली नऊ झाडं विकून धातू हुडकायचं यंत्र आणलं. खणायला मला सोबत घेतलं.

आम्ही रुबाताब जमातीचे. आमची जीभ साऱ्या सुदानात बदनाम. आम्ही एखाद्याला चपखल उपमा दिली की त्याचं काहीतरी बिघडतंच, असं लोक मानतात. ट्रकवाले आम्हाला पुढे बसवत नाहीत. आम्ही गाडीला काही म्हटलं तर चाक निखळेल म्हणे. परक्यांनी हे मानावं, ठीक आहे. पण तैफूर स्वतः रुबाताबी असून रुबाताबी जिभेला भ्यायचा!

पहिल्याच दिवशी कानाला हेडफोन लावून तो यंत्राची तबकडी जमिनीवरून फिरवत चालला होता. मला राहवलं नाही. सोनं खणणाऱ्यांच्या अड्ड्यावरच्या सगळ्यांसमोर म्हणालो, "बघा, बघा! आंधळा दुसऱ्याच्या ताटात मांस चाचपतोय. कुणीतरी हातावर मारणार याच्या!"

लोक हसून लोळले. एका कानावरचा हेडफोन सरकवून तैफूरनं ते ऐकलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"बुशारा, शब्द मागं घे."

"थुंकलेली थुंकी मागं घेतात का रे कुणी?"

त्या दिवसापासून हेडफोन त्याच्या कानावरून उतरेना. जेवतानासुद्धा नाही. यंत्र वाजलं की मला दहा पावलं लांब उभं करायचा आणि हातानं खूण केली तरच जवळ येऊ द्यायचा. माझ्या शब्दानं सोनं खाली खाली जाईल, अशी त्याला भीती. एकदा एका उंचवट्यापाशी यंत्र असं बोंबललं की आम्ही दोन दिवस खणत होतो. निघालं काय? खोकडाचं बीळ. आत तीन पिल्लं आणि अड्ड्यावरून पळवलेले माशांचे सात रिकामे डबे. त्यांची आई समोरच्या टेकाडावर बसून आमच्याकडे बघत होती. सोन्यासाठी झाडं विकणाऱ्यापेक्षा डबे जमवणारी तीच शहाणी. आणि हा बावळट पिल्लांना ऊन लागेल म्हणून उरलेली दुपार ते बीळ पुन्हा नीट करण्यात घालवतो!

एके सकाळी बाभळीच्या खुरट्या झुडपाखाली यंत्र वाजलं. तैफूरनं मला लांब थांबवलं, गुडघ्यांवर बसला आणि उजव्या हातानं वाळू उपसू लागला. तेवढ्यात मला आवाज आला. लाकडावर करवत हळूहळू घासावी तसा. आमच्याकडचं शेंबडं पोरही तो ओळखतं. फुरसं अंगावरचे खवले घासत होतं.

"तैफूर! हात काढ! फुरसं!"

त्यानं मान वर केली. माझं तोंड हलताना पाहिलं. त्याला वाटलं, मी दुसरी उपमा देतोय. त्यानं डाव्या हातानं हेडफोन कानावर आणखी घट्ट दाबला आणि उजवा हात आणखी खोल घातला.

मी धावलो. दहाच पावलं होती, पण फुरशाला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

अटबराच्या दवाखान्यात जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. झुडपाखाली काय होतं, ते मी नंतर जाऊन खणून पाहिलं. जुन्या रेल्वेचा गंजलेला खिळा.

गावात फुरशाचं नाव कुणी काढत नाही. "बुशाराची जीभ लागली," म्हणतात. सगळे गाढव आहेत, असं मी चारचौघांत ठणकावून सांगतो. एकटा असलो की मला ते म्हणवत नाही.

यंदा फुलोरा आला. तैफूरच्या आईचं, सित्तनाकाकूचं, एकच झाड उरलेलं, आणि त्यावर चढायला कुणी नाही. काकू माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"जिभेनं माझ्या पोराला झाडावरून उतरवलंस ना? आता तू चढ."

चढलो. निम्म्यावर पोचलो आणि पुढची खाच सापडेना. लुगडं अडकल्यासारखा तिथंच लोंबकळत राहिलो. खाली सगळं गाव जमलेलं. त्यात तैफूर, कान उघडे टाकून. माझ्या जागी तो असता तर मी त्याला सोडलं नसतं. त्याचे ओठ हलले. जन्मात पहिल्यांदा मी जिभेला भ्यालो. डोळे मिटून खोडाला मिठी मारली.

"डावा पाय वरच्या खाचेत घाल," तो म्हणाला. "हां. आता उजवा."

फुलोरा बांधून झाला तरी त्याच्याकडून उपमा काही आली नाही. मला ते सहन होईना.

"अरे, बोल की मेल्या एकदाचं!" मी वरून ओरडलो.

"तू अजून वर आहेस," तैफूर म्हणाला. "आधी खाली ये. मग बोलतो."