तीन वाढपांत बसणारं गाणं

गिटारवर पहिलं गाणं कोणतं शिकावं, याचा आमच्या घरमालकांच्या धाकट्या भावाइतका खोल विचार अख्ख्या मद्रासेत कुणी केला नसेल, आणि माझ्याइतका नालायक शिष्यही कुणाला मिळाला नसेल. मी तेव्हा सांगलीहून येऊन गिंडीच्या एका कारखान्यात चिकटलो होतो आणि तांबरमला त्यांच्या माडीवर राहत होतो. घराणं तंजावरकडचं मराठी. हे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले. कमरेला वेष्टी, कपाळाला गंध आणि मांडीवर गिटार! ती ऑस्ट्रेलियाला कायमच्या निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने जाताना त्यांच्या हाती दिलेली. कॉर्डांची, म्हणजे एकदम दाबायच्या सुरांची, इंग्रजी नावं मात्र त्यांना मान्य नव्हती. "जी म्हणे, सी म्हणे! शाळेंत बसलों आहों कां?" म्हणून त्यांनी जीचं सांबार केलं, सीचं रसम आणि डीचं ताक. बोटं आवळून जीव काढणारा एफ म्हणजे वडा. तो पाहुणे आले तरच. मी ऐटीत सिनेमातलं गाणं घेऊन गेलो की डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "बेष! पण ह्यांत चार वडे आहेत, तंबी. पयल्या दिवशींच अजीर्ण." तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ; मला ते तशीच हाक मारत. सोपं गाणं तेच, जे तीन वाढपांत उरकतं आणि ताकानंतर परत सांबारावर येतं. "माणूस असें जेवत नाहीं," ते गंभीरपणे सांगत, "गाणें जेवतें." अशी शंभर गाणी नापास करून त्यांनी माझ्यासाठी निवडली त्यांच्या आईची एक अंगाई. मी चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि अंगाई! सहा महिने तीच घोटली. मी चुकलो की ते ओसरीवरून "ताक! ताक!" ओरडत, आणि एकदा त्यांच्या वहिनी खरोखरच तांब्या भरून घेऊन आल्या.

आता लाज वाटते ते सांगतो. शहरातल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात मी काकांच्या मराठीची नक्कल करून हशे मिळवत असे. मंडळाचे चिटणीस मोठ्या हुद्द्यावरचे पुणेकर. त्यांच्या बैठकीत आपल्याला जागा मिळावी म्हणून मी जीव टाकत होतो. स्नेहसंमेलनात मी गिटार वाजवणार हे कळताच काका न बोलावता आले, इस्त्रीच्या वेष्टीत, पहिल्या रांगेत. दुसऱ्या कडव्याला माझी बोटं अडली आणि समोरून हाक आली, "रसम, तंबी, रसम!" सगळं सभागृह खो खो हसलं. मी खाली उतरलो तेव्हा चिटणीसांनी विचारलं, "कोण हो ते? तुमच्या ओळखीचे?"

"छे, वाढप्यांपैकी कुणीतरी असेल," मी म्हणालो. काका दोन पावलांवर, माझी पाठ थोपटायला आलेले, उभे होते.

पंगत बसली तेव्हा सदरा काढून, वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून काका भात वाढत होते. माझी थाप उघडी पडू नये म्हणून! माझ्या पानाशी वाकून ते म्हणाले, "भात, सार?" शेजारी बसलेले चिटणीस म्हणाले, "सार नको, आमटीच आणा." तिकडे साहेबाला सार म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. कालपर्यंत मी तंबी होतो. मी मान वर न करता भात घेतला.

पुढच्या रविवारी माफीचं एक वाक्य नीट पाठ करून मी खाली गेलो. काकांनी नेहमीसारखी गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "त्या दिवशीं वाढायास माणसें कमी होतीं, होय कीं? बरें झालें मी होतों."

मी म्हटलं, "हो."

काही वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी बदली होऊन नागपुरात होतो. पाठ केलेलं ते वाक्य मला अजून शब्दन्‌शब्द येत होतं.