शुक्रवारचं टेबल

शुक्रवारी दुपारी आमच्या पतसंस्थेच्या उंब्रज शाखेत कुणी मोठ्याने बोलत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही. एरवी डबे उघडले की ज्ञानू शिपाई गावभरच्या बातम्या सांगायला सुरुवात करतो. त्या दिवशी तोही खाली मान घालून जेवतो. कारण फरशीखालून आवाज येतो. टक्. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ, की माणसाला वाटावं, झालं, थांबलं. मग पुन्हा टक्.

आमच्या खाली हाफिजभाईंचं पूल पार्लर आहे, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारायच्या खेळाचं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला जाताना ते शटर ओढून बाहेरून कुलूप लावतात. आत कुणी नसतं. त्या टेबलावर खेळणारा त्यांचा मुलगा मोहसीन तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेला.

"आला मोहसीन," ज्ञानू पहिल्यांदा म्हणाला होता तेव्हा मी त्याला रागावलो. दुसऱ्यांदा त्याने नुसतं फरशीकडे बोट दाखवलं. तेव्हा मला रागावता आलं नाही.

हाफिजभाई मूळचे सीट कव्हरवाले. हायवेला लागून त्यांचं दुकान होतं. ट्रकवाले, वडापच्या जीपवाले सगळे त्यांच्याकडे यायचे. रेक्झिन असं ताणून बसवायचे की सुरकुती शोधून सापडायची नाही. मोहसीन कराडला कॉलेजात शिकता शिकता पूल खेळायला लागला आणि त्याने वडिलांच्या मागे लागून अर्ध्या दुकानात एक जुनं टेबल आणवलं. त्याचं कापड फाटलेलं होतं. नवं निळं कापड हाफिजभाईंनी स्वतः बसवलं, आणि ते बघायला कराडहून पोरं आली. हळूहळू सीट कव्हर मागे पडली, टेबलं दोन झाली. पण हाफिजभाईंनी स्वतः कधी क्यू, म्हणजे खेळायची ती काठी, हातात धरला नाही. "मी कापड ताणायचं आन् त्यानं खेळायचं, आशी वाटणी हाय आमची," असं ते हसून सांगायचे.

त्यांच्या बायकोला, सुगराभाभींना, मात्र हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. पार्लरच्या मागेच त्यांचं घर, मधे एक दार. त्या दाराच्या घराकडच्या बाजूला उभं राहून त्या मोहसीनला हाक मारायच्या, पण उंबरा कधी ओलांडायच्या नाहीत. "काठीनं गोळ्या ढकलून कुणाचं भलं झालंय?" हे वाक्य मी वरून कितीदा तरी ऐकलेलं आहे. मोहसीन त्यावर "अम्मी, येक बार मारके तो देख" म्हणायचा. तो गेल्यावर त्यांनी ते दार लावून घेतलं.

मोहसीन जाण्याच्या आदल्या वर्षी सांगलीत मोठ्या खेळाडूंचे प्रदर्शनी सामने झाले होते. तो तिथे जाऊन आला आणि महिनाभर दुसरं काही बोलला नाही. तो मला जिन्यात अडवून सांगायचा, "साहेब, टीव्हीवर दिसतात ती माणसं, पण खुर्ची ओढून शेजारी बसतात. आपला भडंगाचा कागद पुढं केला तर त्यातनं खातात." त्यातही शिवांजली जगदाळे या खेळाडूबद्दल तो फार बोलायचा. त्या खंडाळा तालुक्यातल्या. वडील फौजेत, त्यामुळे लष्कराच्या मेसमध्ये बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती वाढलेल्या. मोहसीनने त्यांना आपला क्यू दाखवला होता. क्यूच्या टोकाला चामड्याची लहानशी टिप असते, बॉलला लागतं ते तेच टोक. त्यांनी ती टिप उजेडात धरली आणि मोहसीनला खेळताना न बघताच सांगितलं, "तू बॉल डावीकडून मारतोस. सवय मोड." हे सांगताना मोहसीनचे डोळे चमकायचे. हाफिजभाईंनी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की त्यांनाही ती पाठ झाली होती.

मोहसीनचा तो क्यू त्याच्या काळ्या लांब पेटीत घालून हाफिजभाईंनी घरात कपाटावर ठेवला. त्यानंतर त्यांनी ती पेटी उघडली नाही.

एका शनिवारी ते वर आले. कॅश बंद झाली होती. माझ्या टेबलासमोर बसले आणि टोपी हातात फिरवू लागले.

"साहेब, काल आयकलं का?"

मी हो म्हणालो.

"मला वाटलं माझ्याच कानात हाय." त्यांनी सुस्कारा सोडला. "आमच्यात आसलं मानत न्हाईत. मौलाना म्हणले, गेलेलं मानूस परत येत न्हाई, तुमी दुवा करा. मी करतो. पर जाताना मी बॉल तिकोनात लावून ठेवतो, साहेब. आल्यावर फुटल्यालं आसत्यात. आन् आवाज तुमी आयकलाय न्हवं? येक मारायचं आन् लय येळ इचार करायचा. त्याचीच चाल हाय ती. भवतीनं फिरायचा, वाकायचा, पुन्हा उठायचा. गिऱ्हाईक कावायचं त्याच्यावर."

"भाभींना विचारलं का?"

"ती त्या येळंला भाकरी करती, नमाज पढती. तिच्यापुढं मोहसीनचं नावबी काढायची सोय न्हाई. आन् आसिया मागं लागलीया, सांगलीला चला म्हणून." आसिया म्हणजे त्यांची मोठी मुलगी. जावयाचं सांगलीत फर्निचरचं दुकान आहे आणि घरात जागाही भरपूर. "चांगलंच हाय की. पर मी हितनं गेलो, तर तो कुणाच्यात येनार?"

माझा स्वभाव असा की कशालाही कारण असावं लागतं. मी उंदीर म्हणून पाहिलं, हायवेच्या गाड्यांनी इमारत हादरते म्हणून पाहिलं. पण त्यातलं काहीच जुळेना.

पुढच्या महिन्यात सांगलीत पुन्हा सामने असल्याचं त्यांनीच येऊन सांगितलं. शिवांजली जगदाळे येणार होत्या. "त्यास्नी क्यू दावायचा," हाफिजभाई म्हणाले. "त्या टिप बघून सांगत्यात. तो डावीकडनं मारायचा, आन् आला तर आपलाच क्यू घेनार. आता कोण मारतंय, त्या सांगतील."

"आणि त्यांनी दुसरंच काही सांगितलं तर?"

पण रविवारी सकाळी ते पेटी घेऊन माझ्या गाडीपाशी उभे होते. पेटी मागे ठेवा म्हटलं तर नको म्हणाले. पेठ नाका ओलांडून सांगलीत पोचेपर्यंत ती त्यांच्या मांडीवर तिरकी होती आणि तिचं टोक खिडकीला लागत होतं.

हॉलमध्ये गर्दी बेताची होती. सामने संपले तसे खेळाडू पोरांत मिसळले. मोहसीन सांगायचा तसंच होतं सगळं. शिवांजलीताई प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय दुमडून बसल्या होत्या. वय पस्तिशीचं, केस मागे बांधलेले, बोटं खडूने निळी. पूलमध्ये हा निळा खडू, म्हणजे चॉक, प्रत्येक फटक्याआधी टिपेला घासतात. नाहीतर टिप बॉलवरून घसरते. एक कॉलेजचा मुलगा त्यांना विचारत होता, "ताई, हात थरथरत न्हाई का तुमचा?"

"थरथरतो की. तुला लांबून दिसत नाही एवढंच," त्या म्हणाल्या आणि त्याच्या पुढ्यातल्या भडंगाचा बकाणा तोंडात टाकला. "तिखट कमी पडलंय रे. सांगलीचं म्हणता आणि असलं देता?"

हाफिजभाई पुढे झाले. "ताई, मी उंब्रजचा. माझ्या पोराचा क्यू हाय. तुमी तीन-चार वर्सांखाली बघितला हुता."

"बसा ना चाचा." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. पेटी घेतली, मांडीवर ठेवून उघडली. हाफिजभाईंनी नजर दुसरीकडे वळवली. मी मात्र बघत होतो.

त्यांनी क्यूचे दोन भाग जोडले, खालच्या भागावरचं पितळी कडं बोटाने चाचपलं आणि हसल्या. "हा आठवतो मला. कडं बदललेलं. उंच, किडकिडीत मुलगा. डावीकडून मारायचा."

"व्हय," हाफिजभाई म्हणाले. "आता बघून सांगा. कसं मारतंय."

त्यांनी टिप उजेडात धरली. नखाने खरवडली. अंगठा फिरवला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा तो नाही खेळत, चाचा."

हाफिजभाई खुर्चीत पुढे सरकले.

"बघा, काच झालीय टिपेची. चॉक न लावता मारलं की चामडं असं चकाकतं. तो चॉक विसरणारा मुलगा नव्हता. हे जे कुणी आहे त्याला चॉक लावतात हेच माहीत नाही. आणि अगदी मधोमध, हळू मारतं. मारत नाही, नुसतं लोटतं." त्यांनी क्यू उलटा केला. मुठीच्या जागी दोरा गुंडाळलेला होता, त्याच्या पिळांत पांढरं काहीतरी बसलं होतं. "ही हाताला लावायची पावडर म्हणावी तर..." त्यांनी ते चिमटीत चोळलं, वास घेतला. "पीठ आहे हो. ज्वारीचं. भाकरी थापता थापता खेळतं की काय कुणी?"

भोवतीची पोरं हसली. "चाचींना बोलवा पुढच्या टायमाला," कॉलेजचा मुलगा म्हणाला.

हाफिजभाईही हसले. ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ तसंच राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

"आणि तो कुठाय?" ताईंनी विचारलं. "पाठवा त्याला माझ्याकडे. टिप बदलून देते. चांगला हात होता."

मी हाफिजभाईंकडे पाहिलं.

"सांगतो त्याला," ते म्हणाले.

ताईंनी खिशातला निळा चॉक काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "तोवर हा द्या. ज्याला द्यायचा त्याला."

परतताना हाफिजभाईंनी क्यूची पेटी मागच्या सीटवर ठेवली. कराडजवळ आल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"त्या उंबऱ्याच्या आत ती कवा आली न्हवती, साहेब."

थोडं पुढे गेल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "येक मारायचं आन् थांबायचं. मला वाटलं इचार करतोय. ती त्याची पाळी सोडत हुती."

त्या दिवसापासून मला एक काळजी लागली, की हाफिजभाईंनी विचारलं तर भाभींचं हेही बंद पडेल, आणि ती भुताच्या भीतीपेक्षा वाईट होती. पण हाफिजभाईंनी घरी काही विचारलं नाही. पेटी होती तशी कपाटावर ठेवली. फक्त शुक्रवारी नमाजाला जाण्यापूर्वी त्यांनी बॉल तिकोनात लावले आणि टेबलाच्या कडेवर तो चॉक ठेवला.

त्या दुपारी खालून काहीच आवाज आला नाही. ज्ञानूने घास हातात धरून वाट पाहिली. मग म्हणाला, "गेला वाटतं."

हाफिजभाई परत आले तेव्हा तिकोन होता तसा होता आणि चॉकला कुणी हात लावला नव्हता. कडेवरचा चॉक बघूनच भाभींना कळलं असणार की आपलं येणं उघडं पडलंय. पुढचा शुक्रवारही तसाच गेला. त्या संध्याकाळी हाफिजभाई जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले. दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे.

"पोरगं तर गेलंच हुतं," ते म्हणाले. "मी सांगलीला गेलो न्हसतो, तर येवढं तरी ऱ्हायलं असतं. आता आसियाकडं जातो. हितं काय हाय."

त्यानंतरच्या शुक्रवारी मी दुपारी पासबुकं छापत होतो. शटर अजून ओढलेलं नव्हतं आणि खालून जोराचा आवाज आला. बॉल फुटून चहूकडे आदळले. मी जिना उतरून पाहिलं. हाफिजभाई टेबलापाशी एकटे उभे होते. पांढरा सदरा, टोपी, अत्तराचा वास, आणि हातात मोहसीनचा क्यू. आयुष्यात पहिल्यांदा धरलेला, फावडं धरावं तसा. पांढरा बॉल टेबलावरून उडून दाराशी गडगडत आला होता. मी तो उचलून दिला.

"जमलं न्हाई नीट," ते म्हणाले. त्यांनी बॉल जागेवर ठेवला, क्यू टेबलाला टेकवून उभा केला, चॉक त्याच्या शेजारी ठेवला आणि शटर ओढलं.

आम्ही वर डबे उघडले. कुणी जेवत नव्हतं. बराच वेळ गेला. मशिदीतून खुतब्याचा, म्हणजे प्रवचनाचा, आवाज येत राहिला, तो थांबला. मग मधल्या दाराची कडी वाजली. आणि खाली, अगदी हळू, टक्.

ज्ञानूने भाकरी मोडली.

आता हे असंच चाललंय. शुक्रवारी जाण्याआधी एक फटका हाफिजभाईंचा, ते गेल्यावर एक सुगराभाभींचा. बाकीचे दिवस त्या टेबलावर कापड टाकलेलं असतं. गिऱ्हाइकांना दुसरं टेबल. दोघं घरात याबद्दल चकार शब्द बोलत नाहीत असं हाफिजभाई सांगतात, आणि मला ते खरं वाटतं. आसियाचा फोन आला की ते म्हणतात, "डाव चालू हाय, बेटा. संपला की येतो." गेल्या ईदला भाभींनी शिरखुर्म्याचं भांडं वर आणून दिलं, तेव्हा त्यांच्या अंगठ्याच्या कडेला निळा डाग होता. मी पाहिला हे त्यांनी पाहिलं. भांडं ठेवून त्या पदर सावरत खाली गेल्या.

एक गोष्ट मात्र मी हाफिजभाईंना सांगितलेली नाही. भाभींचा फटका होतो आणि त्यानंतर मधलं दार लगेच लागत नाही. चॉक टिपेवर घासल्याचा बारीक कर्रकर्र आवाज येतो. म्हणजे आपला फटका मारून झाल्यावर त्या पुढच्या पाळीसाठी क्यूला चॉक लावतात. मग काही नाही. आमचे डबे धुऊन होतात, ज्ञानू खिडक्या उघडतो, रस्त्यावर टोप्या दिसायला लागतात, आणि तोवर खाली कुणीतरी उभं असतं, क्यू तयार ठेवून, टेबलापासून जरा बाजूला सरकून.