चालू मॉडेल बंद

आता काय सांगू तुम्हाला, दुसऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ बघावं, पण त्यातून धडा घेऊ नये!

आमच्या कर्जत-खालापूरकडे भात झोडून झालं की गावोगाव क्रिकेटचे सामने लागतात. मैदान कुठलंही असो, माइकवर मी. "चेंडू थेट पेंढ्याच्या उडवीवर!" हे वाक्य माझ्यासारखं दुसरं कोण म्हणणार?

यंदा शेजारच्या गावात बक्षीस द्यायला फार्महाउसवाले साहेब आले. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाच्या किमतीत आमची अख्खी आळी नवी बांधून झाली असती. असलं कुठे मिळतं, मी विचारलं.

"आता नाही मिळायचं. कंपनीनं हे मॉडेल बंद केलं."

खपत नव्हतं का?

"उलट, हेच सगळ्यात जास्त खपत होतं. पण सहज मिळायला लागलं की किंमत जाते. आता लोक वेडे झालेत याच्यासाठी."

माझ्या डोक्यात उजेड पडला. मीसुद्धा किती वर्षं सहज मिळत होतो! अहो, वडापावावर मिळत होतो!

दुसऱ्याच दिवशी आमच्या गावच्या कमिटीच्या बाळारामदादांना सांगून टाकलं, की अंतिम सामन्यापासून माइक सोडतोय. दादा विनवणी करतील, गाव दारात येईल, मी जरा ताणून धरीन आणि मग मोठ्या मनानं परत येईन, असा माझा बेत.

दादांनी चहा संपवला. "नक्की ना रं?"

"नक्की."

"मग निरोप झकास देऊ."

घरी बायकोनं विचारलं, "थांबा म्हनलं का कुनी?" मी म्हटलं, बाजार तापू दे.

कसला तापतोय! नाक्यावर हार घातलेल्या माझ्या फोटोचा बॅनर लागला. तो कुणीतरी मोबाइलवर पाठवला आणि रसायनीची मावशी रडतच घरी आली. दार मीच उघडलं, तर तिला चक्कर.

अंतिम सामना सुरू होण्याआधी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माइक हातात धरून मी बराच वेळ थांबलो. कुणीतरी 'नको' म्हणेल, वाटलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांच्या भाच्यानं माइक घेतला आणि पहिल्याच षटकात चेंडू पेंढ्याच्या उडवीवर पाठवला. माझ्यापेक्षा बरा बोलला हो! खरंच वाईट वाटलं.

महिन्याभरात ते घड्याळही बंद पडलं. खालापूरच्या दुकानदारानं उघडून पाहिलं. "पार्ट नाय मिळायचा. हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय."

माझ्या जीवात पुन्हा जीव आला. "म्हणजे आता याला मागणी असेल?"

"मागणी नव्हती म्हनून तर बंद केलं, दादा."

मी घड्याळ पिशवीत घातलं आणि आम्ही दोघं गुपचूप घरी आलो.